हौद्यातली गादी

मिस्त्री: नाही ताई, हे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर नाही बसवणार मी. तुम्ही कितीही म्हणालात तरी.

ती: का? सगळ्यात मजबूत हेच ना? डब्यावर लिहिलंय, दीड टन बोजा पेलतो म्हणून.

मिस्त्री: शॉक बोजा पेलत नसतो हो. बोजा खालचे स्प्रिंगचे पाटे पेलतात. गाडी उसळली की तिला लगाम घालायचा, एवढंच शॉकचं काम. हे कडक शॉक रिकाम्या पिकअपला लावलेत तर रस्त्यातला खडान् खडा मोजाल. रोज काय वाहता?

ती: रोपं. नर्सरी आहे आमची. कुंड्या, मातीची पोती.

मिस्त्री: मग साधे तेलाचे घ्या.

ती: उद्या रोपं नाहीयेत.

मिस्त्री: मग?

ती: नाजूक आहे काहीतरी.

मिस्त्री: काच?

ती: हं. तसंच.

मिस्त्री: ताई, तासाभरात तिसरा डबा आहे हा तुमच्या हातात. आधी मऊ, मग गॅसचे, आता हे. कुठे दुखतं ते न सांगता डॉक्टरकडून औषध मिळतं का? वजन किती?

ती: बासष्ट किलो.

मिस्त्री: आणि वस्तू?

ती: बाबा आहेत माझे. पडले होते, मणक्याचं ऑपरेशन झालंय. उद्या घरी सोडणार.

मिस्त्री: अहो, मग अँब्युलन्सनं न्या! पिकअप कशाला?

ती: अँब्युलन्स डांबर संपतं तिथपर्यंतच येणार. पुढे घरापर्यंत तीन किलोमीटर नुसते दगडगोटे. गाडी खालून घासते म्हणून ड्रायव्हरनं हात जोडले. डॉक्टर म्हणाले, पिकअपमधून न्या, पण सपाट झोपवून, पट्टा बांधून. आणि हिसका बसता कामा नये. मिस्त्री, एकसुद्धा हिसका बसणार नाही असा शॉक द्या मला.

मिस्त्री: तसा अजून कुणी बनवला नाही. पडले कसे?

ती: ह्याच गाडीतून.

मिस्त्री: ह्याच?

ती: मी चालवत होते. ते मागे उभे होते, कुंड्या धरून. चार महिने माझ्या मागे लागले होते, शॉक गेलेत, तेल गळतंय, दाखवून घे. मी आपली आज जाते, उद्या जाते. बाजाराजवळच्या स्पीडब्रेकरवर मागची बाजू उडाली, ती उडतच राहिली. आरशात बघितलं तर बाबा दिसेनात.

मिस्त्री: बसा. पाणी घ्या.

ती: पाणी नको. शॉक सांगा.

मिस्त्री: साधे तेलाचे, चारही नवे. रबरी बुशसुद्धा बदलतो. मागच्या चाकांत हवा थोडी कमी ठेवू. आणि त्या चाकांच्या वर, हौद्यात, मातीची सहा पोती घट्ट बांधायची. रिकाम्या गाडीचे पाटे ताठ असतात. वजन पडलं की लवतात, मग निम्मा खड्डा तेच गिळतात. पोत्यांच्या पुढे, केबिनला लागून गादी.

ती: आणि उद्या चालवणार तुम्ही.

मिस्त्री: मी?

ती: तुमचा हात बसलेला आहे. थांबा, बाबांचाच फोन. स्पीकरवर टाकते, हात तेलकट झालेत. हं, बाबा.

बाबा: घेतलेस का शॉक? तेलाचेच घे. डब्यावरचं वाचत बसू नकोस.

ती: मिस्त्रीही तेच म्हणतायत.

बाबा: मग झालं तर. उद्या अकरापर्यंत डांबरापाशी ये गाडी घेऊन.

ती: गाडी मिस्त्री चालवतील. मी मागे बसेन, तुमच्याजवळ.

बाबा: का? तुझ्या हाताला काय झालं?

ती: काही नाही.

बाबा: अगं, त्या रस्त्यावर कुठला दगड कुठे आहे ते तुला ठाऊक. त्यांना काय माहीत?

ती: बाबा, नको ना.

बाबा: बरं. तू म्हणशील तसं.

मिस्त्री: ठेवला त्यांनी. ताई, चारपर्यंत गाडी तयार होते. गादी आणा, पट्टे आणा. डांबर संपतं तिथे जाऊन बघूनच येऊ.

(त्याच दिवशी, ऊन उतरताना. डांबर संपतं तिथे पिकअप उभी आहे. हौद्यात पोती बांधलेली. केबिनची मागची काच उघडी. मिस्त्री गादीवर आडवा झाला आहे.)

मिस्त्री: आवळा पट्टा. अजून. हां. आता स्टेअरिंगवर बसा.

ती: मिस्त्री, हे काय? मी झोपून बघणार आणि तुम्ही चालवणार, असं ठरलं होतं!

मिस्त्री: तुम्हाला झोपून काय कळणार? तुमचा जीव आधीच टांगणीला. तुम्हाला उभ्या गाडीतसुद्धा हिसके बसतील. चला.

ती: आणि काही झालं तर?

मिस्त्री: तर ओरडेन की. माझा आवाज गॅरेजभर ऐकलाय तुम्ही.

ती: पहिल्या गिअरमध्ये घेते.

मिस्त्री: घ्या. खड्ड्याच्या आधी ब्रेक दाबायचा. चाक आत उतरताना सोडून द्यायचा. तुमचा पाय वर, शॉकचं काम सुरू.

ती: इथे डावीकडून जाते. उजवीकडे मातीखाली मोठा दगड आहे.

मिस्त्री: मी गेलो असतो थेट त्याच्यावर.

ती: लागलं?

मिस्त्री: नाही.

ती: आता?

मिस्त्री: दर दहा पावलांवर विचारू नका हो. रस्ता बघा.

ती: मोठा खड्डा आला. ब्रेक. सोडला. पुढचं चाक गेलं. आता मागचं... गेलं! मिस्त्री, एकदाच खाली गेली आणि वर आली. उडाली नाही!

मिस्त्री: हं.

ती: आता चढ आहे. पहिल्यातच ठेवते. मान सांभाळा हं.

ती: मिस्त्री?

ती: ऐकू येतंय ना? ओ मिस्त्री, बोला काहीतरी! थांबवते मी. थांबवली. आले, आले मागे. मान हलवू नका. कुठे लागलं? मिस्त्री!

मिस्त्री: अं? पोचलो?

ती: तुम्ही... झोपला होतात?

मिस्त्री: लागला जरा डोळा. थांबवलीत कशाला?

ती: मला वाटलं...

मिस्त्री: ताई, अहो, रडताय काय? हा पट्टा सोडा आधी, मला उठता येत नाहीये.

ती: उद्या तुम्ही बसाल का मागे? बाबांजवळ?

मिस्त्री: बसेन की.