कांदा ओळखणारी

—नाही, तो शब्द माझ्या गाडीत काढू नकोस. चिवट! चिवट काय असतं माहितीये का तुला? म्हाताऱ्या मेंढीचं मटण. दुपारभर शिजवा, तरी दातात अडकतं. माणसाच्या पोरीला कसलं चिवट म्हणता — क्लच दाब. पूर्ण, कालोयान, तळापर्यंत. हां. आता दुसरा गिअर टाक. — आणि ते माझं बोलणं, चित्रफितीतलं, तू पाहिलंस कुठे? तुमच्या मुलांच्या समुपदेशन केंद्रात? म्हणजे अजून दाखवतात ते? नव्या लोकांना शिकवायला? वा. म्हणजे इतके दिवस तू माझ्या शेजारी बसून आरसे नीट करतोयस आणि मनात म्हणतोयस, हीच ती सोफिया शहरातल्या सभागृहातली बाई, बालगृहात वाढली तरी बघा कशी उभी राहिली, आता लोकांना गाडी शिकवते. शिसारी येते रे मला. तुझी नाही, तू बरा आहेस, पोरांबरोबर जमिनीवर बसतोस असं ऐकलंय. त्या दिवसाची येते. समोर बघ, ट्रॉलीबस थांबलीये.

मी काय हौसेने गेले होते? हो, हौसेनेच गेले होते, खोटं कशाला बोलू. केस सेट करून घेतले, मैत्रिणीचा कोट मागून घेतला. डॉक्टर इलिएवांचा फोन आला होता — गोड बाई, मनापासून बोलतात, तुला शिकवलंय ना त्यांनी? — म्हणाल्या, देशभरातून मुलांचे समुपदेशक येणार आहेत, त्यांना एक जिवंत उदाहरण हवंय. जिवंत उदाहरण! तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं मी. हॉटेलातलं सभागृह, पडद्यावर एक रेघ, आधी खाली घसरणारी आणि मग वर चढणारी. वर चढणारी ती मी. बाईंनी विचारलं, त्या बालगृहात तुमचं असं एखादं माणूस होतं का? मी म्हटलं, होती, गानामावशी, स्वयंपाकीण. झालं. अर्ध्या सभागृहाने रुमाल काढले. एक जणी पुढे येऊन माझे हातच धरून बसली. आणि मला ते आवडलं, कालोयान. टाळ्या गोड लागल्या मला. तीच तर किळस आहे — डावीकडे वळायचंय, इंडिकेटर दे. तो वायपर आहे.

पण गानामावशीकडे मी गेले कशी, हे कुणी विचारलंच नाही. त्यांना वाटलं, पोरीत चमक होती, ती मावशीने हेरली. चमक कसली डोंबलाची! मी चावले होते. आमची एक सांभाळणारी बाई होती, अंघोळीला सगळ्यांना रांगेत उभं करून गार पाण्याची नळी धरायची. तिच्या मनगटाला मी कडकडून चावले, रक्त काढलं. शिक्षा काय, तर स्वयंपाकघरात बसून बटाटे सोल. पाच वर्षांची असेन. शिक्षा म्हणे! चुलीपाशी ऊब होती, आणि गानामावशी दिवसभर एकटी, तिला तोंड चालवायला कोणीतरी हवंच होतं. पावाच्या तुकड्यावर डुकराची चरबी फासायची, वर लाल तिखट, माझ्या हातात द्यायची आणि सुरू — हा कांदा बघ कसा सडलाय, टाक तो डुकरांना, पळी कुठे ठेवलीस, अंडं फोडशील गं भवाने. शिक्षा संपली तरी तिने मला मागून घेतलं. जीव लावला का? लावला. पण शेजारच्या पलंगावरची मिंका चावली असती, तर मिंकाला लावला असता.

मिंका चावणारी नव्हती. सांगितलं तिथे बसायची, दिलं ते खायची. माझ्याआधी बोलायला लागलेली ती. मी नुसती गुरगुरायचे तेव्हा ती पाखरांना नावं द्यायची, गाणी म्हणायची. बाया कौतुकाने म्हणायच्या, काय गुणी लेकरू, काडीचा त्रास नाही. त्रास नाही म्हणून कोणी बघायचं नाही. कोणी उचलायचं नाही, कोणी रागवायचंसुद्धा नाही. हळूहळू तिची गाणी गेली, मग शब्द गेले, मग ती डोलायला लागली, पुढे मागे, पुढे मागे — तू काय करतोयस, दुसऱ्यावरच किती कुंथवशील गाडीला? तिसरा टाक.

मग आमची शाळेची वयं झाली आणि शहरातून माणसं आली. एक डॉक्टर, त्याच्या हातात चित्रांचा गठ्ठा. चित्र धरायचा आणि विचारायचा, हे काय? पळी. अंडं. किटली. कांदा. मी धडाधड सांगत सुटले. कांद्यावर तर वर हेही सांगितलं की सडलेला असेल तर डुकरांना टाकायचा. डॉक्टर हसला. म्हणाला, 'ही हुशार आहे.' माझ्यामागून मिंका. तोच कांदा. अरे, तिने कांदा जन्मात पाहिलाच नव्हता! आमच्या ताटात पडायचं ते सगळं करड्या रंगाचं, एकजीव, पळीने ओतलेलं. त्यात कांदा कुठला आणि बटाटा कुठला. ती चित्राकडे बघत राहिली. डॉक्टर काही दुष्ट नव्हता, त्याने परत विचारलं, हळू आवाजात विचारलं. ती डोलायला लागली. मला शाळा असलेल्या वसतिगृहात घातलं. तिला घातलं मतिमंदांच्या बालगृहात, त्या नदीकाठच्या गावात — त्या गावाच्या नावानेच बाया आम्हाला धाक घालायच्या. गाडीत बसवलं तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. गुणी.

हे सगळं मी सांगायला घेतलं होतं रे सोफियात. कांद्यापर्यंत आले, तर डॉक्टर इलिएवांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, 'स्नेझाना, वेळ थोडा आहे, आपण आशेवर थांबू या.' आशेवर थांबू या! आणि मी थांबले, बैलासारखी. मग जेवण. टेबलावर चीज काय, मांसाच्या गुंडाळ्या काय, आणि एक चांगली शिकलेली बाई ताट घेऊन माझ्याजवळ आली, म्हणाली, 'तुमच्यात मुळातच काहीतरी होतं.' मुळातच. म्हणजे मिंकात मुळातच नव्हतं? तोंडातला घास कागदी रुमालात थुंकला, तिच्या देखत, आणि कोट घेऊन निघाले.

घरी नाही गेले. त्या गावाला गेले. वाटेत पेट्रोल पंपावर एक गोड पाव घेतला, हात रिकामे नकोत म्हणून. तिथे आता मोठ्या माणसांचं आश्रयगृह केलंय, लहानपणी जे गेले ते तिथेच म्हातारे होतात. दारावरच्या बाईने विचारलं, तुम्ही तिच्या कोण? मी म्हटलं, शेजारच्या पलंगावरची. तिने पुढे काही विचारलं नाही, अंगणात घेऊन गेली. मिंका बाकावर बसलेली. केस भादरलेले, पांढरे. माझ्याहून महिन्याने धाकटी असेल, दिसते माझी आई. ओळखलं? कुठून ओळखणार! पाव घेतला, पाठ फिरवून खाल्ला, आणि बाकाच्या पार टोकाला सरकली.  मग मी गानामावशीसारखी बडबडत बसले — ती कोंबडी बघ कशी लंगडतेय, कपडे वाळत घातलेत ते भिजणार आता. अंधारून येईपर्यंत.

तेव्हापासून दर रविवारी जाते. का जाते? मला विचारू नकोस, तुमच्याकडे असेल त्याला नाव. अख्खा हिवाळा तिने माझ्याकडे मान वळवली नाही. ईस्टरनंतर एका रविवारी मी फाटकातून आत आले, तर ती बाकावर थोडी सरकली. टोकाकडे नाही, बाजूला. बसायला जागा दिली मला. आता दर वेळी देते. एवढंच. बोलत नाही, बोलणारही नाही आता, गाणी गेली ती गेली. आणि याच्यावर वर चढणारी रेघ मारायची नाही, सांगून ठेवते. शब्दच्या शब्द गिळून टाकले त्या पोरीचे, भर दिवसा, चांगल्या चांगल्या माणसांनी, आणि ती बाकावर सरकली म्हणून आपण टाळ्या पिटायच्या? हे मी घरात नवऱ्याला सांगितलेलं नाही, त्याला वाटतं रविवारी माझे शिकाऊ असतात. तुला का सांगत बसलेय देव जाणे. रस्ता मोकळा आहे म्हणून असेल.

काय? मोठ्याने बोल, इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही.

बघायला? मिंकाला बघायला. तू, आणि केंद्रातले आणखी कोण? नुसते बसतील, म्हणतोस. काही विचारणार नाहीत. शिकायला मिळेल.

आरशात बघ. इंडिकेटर दे. त्या चेस्टनटच्या झाडाखाली घे बाजूला. हँडब्रेक ओढ. किल्ली फिरव.

उतर.

वेळ राहिलाय ते मला माहितीये. तुझं घर जवळ आहे, चालत जा. गुरुवारी ये, गाडी उलटी लावायला शिकू, त्याच्यात तू कच्चा आहेस. आणि दार हळू लाव.