लेस अँड मोरे

अक्षया: तक्रार नाही हो काकू, उलट विचारायलाच आले. आठ महिने झाले आम्ही शेजारी राहायला येऊन, पण तुमच्या भिंतीपलीकडून साधा रेडिओसुद्धा कधी ऐकला नव्हता. काल दुपारी माझा ऑफिसचा कॉल चालू होता आणि एकदम पियानो सुरू झाला. त्यावर कुणीतरी इंग्लिश गाणं म्हणतंय, तेही खणखणीत.

गयाबाई: बस आधी. चहात आलं चालतं ना? गात होता तो लेस. वाजवत होते ते आमचे हे.

अक्षया: मोरेकाका? पियानो?

गयाबाई: एकतीस वर्षं वाजवला. 'लेस अँड मोरे' म्हणून जोडी होती दोघांची. पबच्या पाटीवर नाव इंग्रजीत, त्यामुळे गोरे वाचायचे 'लेस अँड मोअर' आणि हसायचे. यांना त्याची भारी गंमत वाटायची. रीडिंग, मेडनहेड, स्लाउ, थेट वॉटफर्डपर्यंत. दर रविवारी दुपारी कुठे ना कुठे असायचेच.

अक्षया: पण काका तर पीतसुद्धा नाहीत ना?

गयाबाई: थेंब नाही. लिंबूपाणी घेऊन बसायचे. थांब, हा बघ.

(गयाबाई भिंतीवरची तसबीर काढून पुढे धरते.)

अक्षया: सेम वेस्टकोट दोघांचे. किती क्यूट. आणि हा बँजोवाला लेस?

गयाबाई: हो. वेस्टकोट मीच शिवले होते, नाइट ड्यूटी करून. मी इथल्या हॉस्पिटलात नर्स. नोकरी माझी, हे माझ्या मागून इंग्लंडला आले. बस डेपोत यांना गाड्या धुवायचं काम मिळालं आणि लेस तिथे ड्रायव्हर. एका शनिवारी तो यांना पबमध्ये घेऊन गेला. पियानोवाला आलेला नव्हता. हे सहज जाऊन बसले. घरी जन्मभर पेटी वाजवलेली, सासरे भीमजलशात पेटीवर असायचे. पण पेटीचा भाता डाव्या हातानं मारतात ना? पियानोवर यांचा उजवा हात धावतोय आणि डावा हवेत भाता शोधतोय. अख्खा पब हसला. लेस तेवढा हसला नाही. त्यानं यांचा डावा हात धरून पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाला, यालाही काम देऊ.

अक्षया: मग?

गयाबाई: मग काय, वर्षभर डेपोतून सुटले की दोघं त्या पियानोवर. गाणी तशी जुनीच, त्यांच्या आज्या-पणज्यांच्या वेळची. एक ओळ लेस गाणार आणि पुढची सगळी माणसं उचलणार. हे मला म्हणायचे, गया, जलशातसुद्धा असंच व्हायचं गं, फक्त आमच्याकडे बिअर नव्हती. लोकांच्या लग्नांना वाजवलं, मयतानंतरच्या जेवणांना वाजवलं. एक कॅसेट काढली, तिचे दोन खोके अजून माळ्यावर पडलेत. मोठं नाव झालं नाही, पण आमच्या बाजारातल्या खाटकापर्यंत सगळे यांना ओळखायचे.

अक्षया: आणि कुणी त्रास नाही दिला? म्हणजे, त्या काळात...

गयाबाई: दिला ना. एका पबात एक जण यांना नको ते बोलला, मोठ्यानं. लेसनं गाणं अर्ध्यावर सोडलं, बँजो त्याच्या खोक्यात घातला, यांचा कोट हातात दिला आणि दोघं बाहेर पडले. त्या पबात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. म्हणून तर पुढचं यांना जास्त लागलं.

अक्षया: पुढचं म्हणजे?

गयाबाई: बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रकाठच्या एका हॉलिडे कॅम्पचा मॅनेजर आला. अख्ख्या उन्हाळ्याचं काम. पब एकेक बंद पडत होते, तेव्हा लेसला आभाळ ठेंगणं झालं. अट एकच. यांनी तुरा लावलेला फेटा घालायचा, प्रत्येक गाण्याआधी वाकून हात जोडायचे आणि मोडक्या इंग्रजीत विनोद करायचा. लेस यांना न विचारता हो म्हणून आला. वर म्हणाला, टोपीच तर आहे.

अक्षया: ओह. त्याला कळलंच नसेल.

गयाबाई: कसं कळणार? माझे आजेसासरे पाटलाच्या लग्नात दाराबाहेर उभे राहून वाजवायचे. वाकून. जेवण मिळायचं तेही बाहेरच. सासऱ्यांनी ते सोडलं, मार खाल्ला, पण सोडलं. मग पेटी घेतली ती जलशात, मंचावर बसून. त्या बापाचा मुलगा वाकेल का? पण हे लेसला त्यातलं अक्षर बोलले नाहीत. नाही म्हणाले, घरी आले, घरातला पियानो बंद केला. मी त्यावर कुंड्या ठेवल्या.

अक्षया: तीस वर्षांच्या मित्राला वडिलांची गोष्ट सांगितलीच नव्हती?

गयाबाई: पुरुष असेच असतात बाळा. दोघांनी मिळून हजार गाणी म्हटली, पण बोलणं झालंच नाही. लेस एकटा गेला कॅम्पवर. पंधरा दिवसांत परत आला. जीन, त्याची बायको, मला बाजारात भेटायची, डोळ्यांनी विचारायची. मी मान हलवायची.

अक्षया: मग काल कसा आला तो?

गयाबाई: फेब्रुवारीत त्याला स्ट्रोक आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. जीनचा फोन आला तेव्हा मला वॉर्डातले पेशंट आठवले. ज्यांची वाचा जाते, त्यातल्या काहींना गाता येतं. जेवताना मी यांना एवढंच सांगितलं. सकाळी उठून पाहते तर कुंड्या खिडकीत आणि हे फोनवर, पियानो सुरात लावणाऱ्या माणसाशी.

अक्षया: आणि लेस गायला.

गयाबाई: आधी नुसता बसून होता, व्हीलचेअरमध्ये. यांच्याकडे बघेना. यांनी सूर धरला. दोघांनी मिळून बांधलेलं गाणं, बस डेपोवरचं. दुसऱ्या ओळीला त्याचं तोंड उघडलं आणि शब्द आले बघ, सगळे, चारी कडवी. जीन स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्याबरोबर गेले नाही, मला बघायचं होतं.

अक्षया: मी इकडे म्यूट करून बसले होते, काकू. मला काय माहीत.

गयाबाई: गाणं संपल्यावर यांनी स्टूल फिरवलं आणि सासऱ्यांची गोष्ट सांगितली. पाटलाचं दार, जलसा, सगळं. पहिल्यांदा. लेसचे ओठ हलायला लागले. 'सॉ... सॉ...' पुढे जाईना. घाम फुटला त्याला. यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, राहू दे लेस. पोचलं.

अक्षया: काका आहेत का आत? मला भेटायचंय त्यांना.

गयाबाई: सकाळीच गेले लेसकडे. जीनचे हात थरथरतात, दोनदा कापलं तिनं त्याला. बारा वर्षं हे म्हणत होते, त्याचं तोंड बघणार नाही. आता त्याची दाढी करायला गेलेत.