देशांची सोयरीक

माझ्या बायकोचा, सुनीताचा, हा किस्सा तुम्हाला सांगायचाच राहिला. परराष्ट्र धोरणात बायका कुठे असतात, यावर तिचा प्रबंध चालला होता. केशोरी गावात भाताची रोवणी करणाऱ्या एका आजीला तिने विचारलं, "दोन देशांचे संबंध जुळवताना बायकांना कोण विचारतं?"

आजी म्हणाली, "सोयरीक जुळवताना पोरीले कोण इचारते? पाटलाची पोरगी दाराआडून आयकते तरी. आमी तं धानाच्या बांधीतच राहतो."

सुनीताने ते जसंच्या तसं प्रबंधात घातलं. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, "संदर्भ?"

उत्तर द्यायला सुनीता जिवंत राहिली नाही. शेवटी मीच आजीचं नाव विचारायला गेलो.

"माहं नाव कायले? त्या बाईलेच धाडा ना."

मी म्हणालो, "हो."