मामांचं डिझेल

आमच्या रेवदंड्याच्या मामांचं आगगाडीवेड तुम्हाला सांगितलं नाही ना कधी? गावात रेल्वे नव्हती, पण मामांच्या ओटीवर होती; चावी देऊन चालणारी, खेळण्यातली. तिच्या रुळांचं माप मात्र इतकं आडनिडं, की दुसरी कुठलीच गाडी त्यांवर बसत नसे. साठ सालानंतर खऱ्या रुळांवर डिझेल इंजिनं धावू लागली आणि मामांना आपलं धुराड्याचं इंजिन जुनाट वाटू लागलं.

मुंबईच्या दुकानांत खेळण्यातलं डिझेल विचारून ते थकले. "हे माप कोणी मागतच नाही," दुकानदार म्हणत. शेवटी बोटीवर खलाशी असलेल्या शेजारच्या दाऊदकडे मामांनी मापाला रुळाचा तुकडा दिला. वर्षभराने तो इंजिन घेऊनच परतला. रुळांवर चपखल बसलं. मामांचे डोळे भरून आले.

अख्खी आळी बघायला जमली. गाडी फिरली, पण सगळे इंजिनाच्या माथ्यावर काहीतरी शोधत राहिले. अखेर जनाकाकी हळहळली, "मामा, धुराडं वाटंत पडलं काय वो?"

"डिझेलला धुराडं नसतं, काकी."

"मंग ती गाडी कशी?"

मामा आत पाणी प्यायला गेले. तेवढ्यात मामींनी देवघरातली पेटती उदबत्ती मेणाने इंजिनाच्या नाकावर चिकटवली. धूर सोडत गाडी निघाली आणि आळीने टाळ्या वाजवल्या.

मामा दारात येऊन बघत राहिले. आम्हाला वाटलं, आता भडकणार.

"उदबत्ती जरा मागे घ्या," ते म्हणाले. "ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही."