दोन हिवाळे आणि एक संडास

नाही, हसा, हसा तुम्ही... माणूस घर बघायला दोन वर्षं लावतो तेव्हा त्याला चोखंदळ म्हणता, आणि मी संडास बघायला दोन वर्षं लावली तर मी वेडा? तुम्हाला सांगतो, कॅराव्हॅन घ्यायला आम्हाला एक दुपार पुरली. अख्खी गाडी हं, पलंग, शेगडी, फ्रीज सगळं धरून! शनिवारी बघितली, शनिवारीच मोटारीच्या मागे जोडून घरी आणली. राहिला काय, तर संडास. आणि तो निवडणारा कोण? बुनाऱ्याच्या नगरपालिकेत, ड्रेनेज खात्यात, चौतीस वर्षं काढलेला मी, नेव्हिल! गावात कुणाचंही तुंबलं की लोक आधी माझं नाव घ्यायचे, मग देवाचं.

बरं, रोझलिनचं मागणं काही मोठं होतं का? रोझलिन म्हणजे आमची बायको. सत्तावीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये सँडविच केले तिनं, पोरं वाढवली, माझ्या आईचं शेवटपर्यंत केलं, आणि मागितलं काय, तर म्हणे मला समुद्रात बुडणारा सूर्य बघायचाय. आम्ही पडलो पूर्व किनाऱ्याचे. आमच्याकडे सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी कत्तलखान्याच्या मागे जातो. तर पश्चिमेला जायचं, पाच हजार किलोमीटर, बस्स. अट एकच, गाडीत धड संडास हवा. झुडपामागे फावडं घेऊन जायचं तिचं वय राहिलं नाही, गुडघा तर त्याहून नाही. आणि ती निळं औषध घातलेली पेटी असते ना, सकाळी सकाळी हातात धरून, डचमळत, सगळ्या कॅराव्हॅन पार्कातून शेजाऱ्यापाजाऱ्यांना नमस्कार करत रिकामी करायला न्यायची, ते तिला बघवत नव्हतं. म्हणून म्हणाली, कोरडा घेऊ, खताचा. मी म्हटलं, सोड माझ्यावर. तिथेच चुकलं.

आता खताचा संडास म्हणजे काय? एक नंबर पुढे बाटलीत, दोन नंबर मागे नारळाच्या भुशात, दांडा फिरवायचा, पंखा वास बाहेर फेकतो, संपलं. शेंबड्या पोराला कळेल. पण मला कसं कळावं? मी तर जाणकार! वही केली मी, दोनशे पानी. एकाचा दांडा डावीकडे, एकाचा पंखा घोरतो, एकाची बाटली लहान, एक इतका उंच की पाय लोंबकळतात, एकाला बटण दाबलं की तो थरथरतो... म्हटलं, हा काय संडास आहे की गिरणी? दुकानदारांना फोन केले, एकाला तर अकरा वेळा. शेवटी तो बिचारा थकून म्हणाला, ‘साहेब, एकदा खरं सांगा, तुम्हाला त्यात नेमकं करायचंय तरी काय?’

आणि रोझलिन? प्रत्येक दुकानात, प्रत्येक संडासावर, मांडीवर पर्स ठेवून, बसची वाट बघत असल्यासारखी शांत बसून बघायची. अगदी पहिल्या दुकानातल्या पहिल्या संडासावर बसून म्हणाली होती, हा बरा आहे. मी म्हटलं, तुला काय कळतं यातलं, मी चौतीस वर्षं ड्रेनेज खात्यात काढलीत! ती पर्स उचलून उठली.

एक हिवाळा गेला. आता उत्तरेकडून पश्चिमेला जायचं तर हिवाळ्यातच, उन्हाळ्यात तिकडे पाऊस लागला की रस्तेच वाहून जातात. दुसरा हिवाळा आला, आमच्याकडे तो जूनमध्ये येतो, तर तो जूनही संपला, मी अजून पंख्याच्या आवाजावरच! एक दिवस रोझलिन इस्त्री करता करता म्हणाली की ज्युडिथ, म्हणजे तिची बहीण, पंधरा तारखेला निघतेय पश्चिमेला, तिच्या गाडीत एक जागा आहे. मी विचारलं, तिच्याकडे संडास कुठला आहे?

‘बादली आहे.’

बादली! चौतीस वर्षं ड्रेनेज खात्यात काढलेल्या माणसाची बायको बादली घेऊन पश्चिमेला निघाली! तुम्ही हसाल, पण मी घाबरलो हो. एक्केचाळीस वर्षांत ती मला सोडून कुठं गेली नव्हती. मला तर घरात साखर कुठे असते तेही माहीत नाही.

मग हातापाया पडून तिला एका शनिवार-रविवारपुरतं जवळच्या पार्कात नेलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांतले संडास बघून कायमचा निकाल लावतो म्हणून. तिथे पाच वाजले की सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन गोल बसतात, बिअर, चीज, बिस्किटं, गावगप्पा. मी माझी वही काढली. दांडा, पंखा, बाटली, सगळं वाचून दाखवलं. सगळे ऐकत होते. आणि रोझलिन, बिस्किटावर चीज लावता लावता, अगदी सहज म्हणाली,

‘नेव्हिल, दोन वर्षांत तू एकाही संडासावर बसून बघितलं नाहीस.’

मी वही मिटली. कारण खरं होतं ना! त्या प्रत्येक संडासाच्या पुस्तकात एक ओळ असते, की पुरुषांनीसुद्धा, प्रत्येक वेळी, एक नंबरलासुद्धा, बसायचं. नाहीतर पुढचं मागे जातं, आणि मग जो वास सुटतो... आणि आमच्या घराण्यात कुणी बसत नाही! वडील जायच्या वेळी पंच्याऐंशीचे, दोन्ही गुडघे बदललेले, भिंतीला टेकून, पण उभे! म्हणजे दांडा नाही, पंखा नाही, बाटली नाही. दोनशे पानं भरली ती बसायला लागू नये एवढ्यासाठी. लाज वाटली मला, खरंच वाटली.

बाजूला मर्व होता. चाळीस वर्षं तीन-तीन डबे जोडलेला ट्रक वाळवंटातून हाकलेला माणूस, दंड म्हणजे डुकराची मांडी. म्हटलं हा तरी आपल्या बाजूचा असेल. विचारलं, मर्व, तू... म्हणजे... बसतोस का? मर्व बिअरच्या डबीवरची अक्षरं वाचायला लागला. बाकीचे चौघेही आपापल्या डब्या वाचायला लागले. उत्तर दिलं मर्वच्या बायकोनं, कोरलनं.

‘बसतो. हेही बसतात, तेही बसतात. इथे उभा कोण राहतो, ते सांग.’

मर्वनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, पहिला आठवडा जड जातो.

सोमवारी दुकानात गेलो. रोझलिननं तीन मिनिटांत घेतला. कुठला? पहिल्या दुकानातला, पहिलाच! मी पैसे मोजले. ज्युडिथ बादलीसकट एकटीच पुढे गेली, मागोमाग आम्ही.

आणि आता खरं सांगू का... कुणाला बोलू नका... इतका आराम! एकोणसत्तर वर्षं उभा राहून मी मिळवलं काय? बसायचं, शब्दकोडं घ्यायचं, पंखा आपला गुणगुणतोय... माणूस विचार करतो हो बसला की! रोझलिन दार वाजवते, नेव्हिल, कांगारू बघ, नेव्हिल, फुलं बघ, आणि मी आत, सात आडवा शोधतोय. चौतीस वर्षं ड्रेनेज खात्यात, पण या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं!

तर पोचलो एकदाचे पश्चिमेला. सूर्य बुडायच्या बेतात, वाळूत सगळ्यांच्या खुर्च्या, रोझलिननं आपल्या दोन मांडल्या. मी म्हटलं, दोन मिनिटांत आलो. वय झालं की त्याला वेळकाळ नसतो. बसलो... आणि बाहेर टाळ्या ऐकू आल्या. धावत गेलो तर समुद्र नुसता राखाडी. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, ‘पार बुडेपर्यंत बघितला, नेव्हिल. तू असायला हवा होतास.’ बोलली असती, चिडली असती, तर बरं झालं असतं. मी खुर्ची घडी केली आणि म्हटलं, उद्या नक्की.

आठ दिवस राहिलो तिथे. त्यातले दोन दिवस ढग होते. तेवढे दोन मी खुर्चीत बसून बघितले.