गाडीतून दिसणारी आवणी

कर्जत स्टँडवर एसटीची वाट बघताना मालोजीरावांनी कान पुढच्या दोन बायांकडे लावले होते.

"वायनच्या द्राक्षमळ्यांकडं जानारी ती जुनी पर्यटकांची आगगाडी परत चालू होतेय. म्हनून आपल्या शेताकडचं फाटक कायमचं बंद."

"मग शेतात जायचं कसं, सोनूमावशी?"

"भाताची रोपं डोक्यावर घेऊन, पार पुलाखालनं वळसा घालून!"

"गाडी आपल्याकडं थांबंल तरी?"

"थांबतेय कशाला! नुसती हळू होनार. रेल्वेचा सायेब म्हनला, गाडी आली की नऊवारी नेसून आवणी करा, पावन्यांना फोटो पायजेत."

"शिव्या नाय घातल्यास?"

"नाय गं. हो म्हनले."

"मावशी!"

"आवणी वाकूनच करतात ना? सगळ्या बायांना सांगितलंय, तोंडं डोंगराकडं ठेवा."

"आनि गाडीकडं?"

"काढू दे की फोटो!"