आईचा निकाल

गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडरबाई बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या, पण कान समोरच्या बाकाकडे होते. तिथे पोट फुगलेली शेळी घेऊन मायलेकी बसल्या होत्या. शेजारी शाळेत शिकवणारी आत्या.

"आमच्या शाळेचे निकाल लागले. हिचा कधी, वहिनी?"

"घरी शिकणाऱ्यांना कसला निकाल, वन्सं?"

"असतो आत्या. मी आईचा लावलाय. नापास!"

"कार्टे!"

"भागाकार आला की आई म्हणते, चल, शेळीला पाला घालू. वर्षभर शेळी फुगत गेली, भागाकार तिथेच."

"वहिनी, आता तरी हिला शाळेत घाला."

"मी कुठे अडवलंय? तिलाच विचारा."

"जाईन की! तिथे भांडायला पोरं असतात. आईशी भांडण रंगतच नाही, ती लगेच रडते."

"मी? कधी रडले गं मी?"

"आत्ता."

"डोळ्यात शेळीचा केस गेलाय. वन्सं, घाला हिचं नाव."

कंपाउंडरबाईंनी मान वर न करता कापूस पुढे सरकवला.

"अहो, हा शेळीचा ना?"

"घ्या हो. शेळी काही रडत नाहीये."